सारंगीवादक पंडित रामनारायण

मुलांनो, व्हायोलिन तुम्ही पाहिले असेल. सतारीचे चित्रही पाहिले असेल. पण सारंगी पाहिली आहे का? पुष्कळांनी ती पाहिलेली नसते, ऐकलेली मात्र असते. घरी आजी-आजोबा रेडिओवर जुनी हिंदी गाणी लावतात ना? त्या गाण्यांत दोन कडव्यांच्या मध्ये कधी कधी एखादे वाद्य माणसासारखे गाऊ लागते. त्यात शब्द नसतात, पण कोणीतरी दुरून हाक मारत आहे असे वाटते. ते वाद्य बहुधा सारंगी असते. आणि ते गाणे जर १९५० ते १९६५ या काळातले असेल, तर ती सारंगी पंडित रामनारायण यांनी वाजवलेली असण्याचा संभव बराच आहे.

रामनारायण यांची गोष्ट समजण्यासाठी आधी त्यांचे वाद्य समजून घ्यायला हवे.

सारंगी दिसायला काही फार सुंदर नाही. सतारीसारखा मोठा भोपळा तिला नसतो. वीणेसारखी नक्षीही बहुधा नसते. एखाद्या जाड, आखूड पेटाऱ्यासारखी ती दिसते. तून नावाच्या झाडाच्या लाकडाचा एकच ठोकळा घेतात आणि तो आतून कोरून पोकळ करतात. लांबी सुमारे दोन फूट. खालच्या पोकळ भागावर बकरीचे कातडे ताणून बसवतात. आपल्या मॉरिशसमध्ये सेगा नाचाच्या वेळी जी रावान वाजवतात, तिच्यावरही बकरीचेच कातडे असते. वाजवण्याआधी रावान विस्तवाजवळ धरून शेकतात, हे तुमच्यापैकी कोणी समुद्रकिनाऱ्यावर पाहिले असेल. दमट हवेत कातडे सैल पडते, उष्णतेने ते पुन्हा ताठ होते. सारंगीच्या कातड्यालाही हवा अशीच बाधते. पण सारंगी काही कोणी विस्तवाजवळ नेत नाही! वादक बिचारा खुंट्या पिळून तारा पुन्हा पुन्हा जुळवत बसतो.

आणि तारा तरी किती! वाजवायच्या मुख्य तारा तीनच असतात. त्या धातूच्या नसतात, आतड्यापासून केलेल्या असतात. अशा तारेला तात म्हणतात. या तीन तातींच्या खाली धातूच्या बारीक तारा असतात, त्या पस्तीसच्या आसपास. त्यांना तरफेच्या तारा म्हणतात. या तारांना वादक हातही लावत नाही. मग त्या कशासाठी?

एक प्रयोग करून पाहा. कोणाच्या घरी गिटार असेल तर तिच्याजवळ तोंड नेऊन मोठ्याने, एकाच स्वरात 'आ' म्हणा आणि एकदम थांबा. तुमचा स्वर एखाद्या तारेच्या स्वराशी जुळला, तर ती तार कोणी न छेडता हळूच थरथरेल. तरफेच्या तारा हेच काम करतात. वरच्या तातीवर जो स्वर निघतो, त्या स्वराला लावलेली खालची तार आपोआप बोलते. त्यामुळे सारंगीचा स्वर एकटा वाटत नाही. देवळाच्या गाभाऱ्यात कोणी गायले तर जसा घुमेल, तसा तो घुमतो.

सारंगी वाजवतात ती गजाने. गज म्हणजे एक काठी, तिला घोड्याच्या शेपटीचे केस ताणून बांधलेले असतात. व्हायोलिनचा गजही असाच असतो. पण व्हायोलिन खांद्यावर ठेवतात आणि सारंगी मांडीवर उभी धरतात. वादक खाली बसतो, सारंगीचे डोके आपल्या डाव्या खांद्याशी टेकवतो, उजव्या हाताने गज ओढतो आणि डाव्या हाताच्या बोटांनी स्वर काढतो.

खरी कठीण गोष्ट पुढेच आहे. पेटीला पट्ट्या असतात. पट्टी दाबली की स्वर निघालाच. सतारीला पडदे असतात. कोणता स्वर कोठे आहे ते पडदा पाहून कळते. सारंगीला पट्ट्याही नाहीत आणि पडदेही नाहीत. स्वराची जागा बोटांनीच ओळखायची. बोट केसभर सरकले तरी स्वर बिघडला. शिवाय जसजसे वरच्या स्वरांकडे जावे, तसतशा या जागा एकमेकींच्या अधिकाधिक जवळ येतात. त्यातून, तात बोटाच्या टोकाने दाबायची नसते. नखाच्या मुळाशी, जेथे नख आणि कातडी एकत्र येतात, तेथे बोटाची कड तातीला बाजूने टेकवायची आणि घासत न्यायची. सुरुवातीला बोटे सोलून निघतात. वर्षानुवर्षे वाजवल्यावर नखांवर खाचा पडतात. या खाचा लक्षात ठेवा. पुढे त्यांनीच एका मुलाचे आयुष्य बदलले.

तो मुलगा म्हणजे राम. राजस्थानात उदयपूर शहराजवळ एका गावात २५ डिसेंबर १९२७ रोजी त्याचा जन्म झाला. वडिलांचे नाव नाथूजी. ते शेती करत, गात आणि दिलरुबा नावाचे गजाने वाजवायचे वाद्य वाजवत. नाथूजींचे पूर्वज उदयपूरच्या महाराणांच्या दरबारात गायक होते. घरात धान्याइतकेच गाणेही होते, असे म्हटले तरी चालेल.

त्या भागात गंगागुरू नावाचे लोक असतात. कुटुंबाची वंशावळ, म्हणजे कोण कोणाचा मुलगा, कोण कोणाचा नातू, हे ते वहीत लिहून ठेवतात. नाथूजींकडे येणारा गंगागुरू एकदा आपली लहानशी सारंगी त्यांच्या घरी ठेवून गेला. राम तेव्हा सहा वर्षांचा होता. त्याला ती सारंगी सापडली. लहान मुलाच्या हाती वाद्य लागल्यावर तो काय करणार? त्याने ती वाजवायला सुरुवात केली.

नाथूजींना आनंद झाला असेल, असे तुम्हांला वाटेल. पण ते काळजीत पडले. एक तर हे वाद्य अतिशय अवघड. दुसरे कारण असे, की त्या काळी सारंगी वाजवणाऱ्यांना समाजात मान नव्हता. नाचगाण्याच्या बैठकींत सारंगी वाजे. सभ्य घरातल्या मुलाने ती वाजवू नये, असे लोक म्हणत. गाणे सर्वांना हवे असे, गाणाऱ्याला दादही मिळे, पण त्याच्या मागे बसून तासन् तास सारंगी वाजवणाऱ्याचे नाव कोणी विचारीत नसे. हा अन्यायच होता.

तरीही मुलाची ओढ पाहून नाथूजींनी त्याला स्वतः शिकवले. बोटे कशी ठेवावीत याची त्यांनी आपली एक रीत बसवली होती, ती त्यांनी रामला दिली. वर्षभराने त्यांनी जयपूरच्या एका सारंगीवादकाला मुलाला शिकवण्याची विनंती केली. पण बोटांची ही रीत बदलावी लागेल, असे त्या वादकाने सांगितले. नाथूजींनी विचार बदलला आणि मुलाला तेथे पाठवले नाही. पुढे तर त्यांनी रामची शाळाच सोडवली आणि सारा वेळ सारंगीला द्यायला सांगितले. (तुम्ही घरी जाऊन असा हट्ट धरू नका. आज सारंगी आणि शाळा दोन्ही जमतात.)

दहाव्या वर्षाच्या सुमारास राम उदयपूरचे वृद्ध सारंगीवादक उदयलाल यांच्याकडून शिकू लागला. ते बसून रियाज करत आणि हा मुलगा ऐकून, पाहून तसेच वाजवण्याचा प्रयत्न करी. उदयलाल धृपद गाणाऱ्या डागर घराण्यातल्या गायकांचे शिष्य होते. धृपद ही गाण्याची फार जुनी आणि संथ पद्धत आहे. त्यात घाई नसते. एक एक स्वर शांतपणे, त्याचे सारे रूप दाखवत पुढे न्यायचा असतो. रामनारायण मोठेपणी ज्या संथपणे रागाची सुरुवात करत, त्याचे मूळ उदयपूरच्या या दिवसांत आहे.

उदयलाल वारल्यावर माधवप्रसाद नावाचे गायक रामला गुरू म्हणून लाभले. ते मूळचे लखनौचे. त्यांनी रामला गंडा बांधला. गंडा म्हणजे दोरा. गुरू शिष्याच्या मनगटावर तो बांधतो आणि त्या दिवसापासून दोघांचे नाते वडील-मुलासारखे होते. शिष्याने गुरूची सेवा करायची, गुरूने शिष्याला जेवू घालायचे आणि शिकवायचे. अशी चार वर्षे गेली. मग राम उदयपूरला परत आला आणि संगीत शिकवण्याची नोकरी करू लागला. घरची माणसे निश्चिंत झाली. पण माधवप्रसाद एकदा भेटीला आले आणि त्यांनी त्याला नोकरी सोडायला लावली. इतक्यावर थांबू नकोस, अजून शीक, असे त्यांचे म्हणणे होते. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने हाती आलेली नोकरी सोडून गुरूबरोबर गावोगाव हिंडायचे, हे घरच्यांना मुळीच आवडले नाही. राम मात्र गेला.

पुढे माधवप्रसाद आजारी पडले. त्यांनी शिष्याला लाहोरला जाण्याचा सल्ला दिला. आज लाहोर पाकिस्तानात आहे. त्या वेळी भारत आणि पाकिस्तान असे दोन देश नव्हते आणि लाहोर हे उत्तरेतल्या संगीताचे मोठे शहर होते. १९४३ मध्ये राम तेथे पोचला. तेथल्या रेडिओ केंद्रावर तो परीक्षा द्यायला गेला. पण गंमत अशी, की तो सारंगीवादक म्हणून गेला नाही, गायक म्हणून गेला.

जीवनलाल मट्टू नावाचे अधिकारी तेथे संगीताचे काम पाहत होते. त्यांनी या मुलाचे गाणे ऐकले. मग त्यांचे लक्ष त्याच्या हाताकडे गेले. डाव्या हाताच्या नखांवर खोल खाचा पडलेल्या होत्या. जाणत्या माणसाला तेवढे पुरे झाले. इतक्या खाचा पडायला किती वर्षे वाजवावे लागते, हे मट्टू यांना ठाऊक होते. त्यांनी त्याला नोकरी दिली, पण गायकाची नव्हे, सारंगीवादकाची!

या वेळी रेडिओला सारंगीवादक हवेच होते. त्याचे कारण मजेदार आहे. पेटी, म्हणजे हार्मोनियम, हे वाद्य मूळचे फ्रान्समधले. ते भारतात आले आणि घरोघरी गेले. ते शिकायला सोपे आणि जुळवायची कटकट नाही. गायकांच्या साथीला सारंगीच्या जागी पेटी दिसू लागली. पण पेटीचे स्वर ठरलेले असतात. एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर घसरत जाणे, ज्याला आपण मींड म्हणतो, ते पेटीला जमत नाही. गळ्याला जमते आणि सारंगीला जमते. म्हणून भारताच्या रेडिओवर १९४० मध्ये पेटीला बंदी करण्यात आली. ही बंदी पुढे तीस वर्षे टिकली. पेटीवाल्यांना ती बंदी अर्थातच रुचली नाही. पण तिच्यामुळे सारंगीला रेडिओच्या घरात जागा मिळाली, हेही खरे.

महाराष्ट्रातही सारंगीला एक चांगले घर मिळाले होते. बालगंधर्वांच्या नाटक मंडळीत कादरबक्ष हे सारंगीवादक साथीला असत. नाटकाला गेलेली माणसे बालगंधर्वांच्या गाण्याबरोबर ती सारंगीही मनात घेऊन घरी जात.

लाहोरमध्ये मट्टू यांच्या मदतीने रामनारायण यांची भेट अब्दुल वहीद खाँ यांच्याशी झाली. खाँसाहेब गायक होते आणि फार कडक शिक्षक होते. त्यांनी रामनारायण यांना चार राग शिकवले. हो, चारच! आणि तेही सारंगीवर नाही, गाऊन. आधी स्वर गळ्यातून काढायचा, तो मनात पक्का करायचा आणि मग तो सारंगीवर शोधायचा. गाणे शिकल्याचा हा फायदा रामनारायण यांना जन्मभर झाला. त्यांची सारंगी ऐकताना वाद्य वाजते आहे असे वाटत नाही. कोणीतरी श्वास घेऊन गात आहे असे वाटते.

१९४७ मध्ये देशाची फाळणी झाली. लाहोर पाकिस्तानात गेले. लाखो माणसांना घरे सोडावी लागली. रामनारायण दिल्लीला आले आणि तेथल्या रेडिओ केंद्रावर काम करू लागले.

आता साथ करणे म्हणजे काय, ते पाहू. गायक मध्ये बसतो. त्याच्या बाजूला तबला असतो आणि दुसऱ्या बाजूला सारंगी. गायक जे गाईल ते सारंगीवादकाने लगेच त्याच्यामागून वाजवायचे. गायक पुढे काय गाणार हे त्याला आधी माहीत नसते. सावली जशी माणसाच्या मागे धावते, तसे धावायचे. गायक दमला किंवा पाणी प्यायला थांबला, की मधली जागा भरून काढायची. आणि गायक पुन्हा सुरू झाला की मागे सरायचे. याला किती तयारी लागत असेल! पण टाळ्या मिळायच्या त्या गायकाला.

रामनारायण साथ उत्तम करत. त्यांच्या स्वरामुळे गाण्याला रंग चढतो, असे काही गायक म्हणत. दुसरे काही मात्र कुरकुरत. हा साथ करतो की आपल्याशी स्पर्धा करतो, अशी त्यांची तक्रार असे. आपण कोणाच्या बाजूने बोलावे? गायकाचेही बरोबर आहे, मैफल त्याची असते. पण ज्याच्या मनात स्वतःचे सांगण्यासारखे खूप असते, त्याला नेहमी दुसऱ्याचेच वाक्य पुरे करायला सांगितले, तर त्याचा जीव घुसमटणारच. सतार एकटी वाजते, सरोद एकटा वाजतो, मग सारंगीने कायम मागेच का बसावे, असा प्रश्न त्यांच्यापुढे होता. लाहोरच्या रेडिओवर त्यांना मधून मधून एकट्याने वाजवायला मिळाले होते. ती चव ते विसरले नव्हते.

१९४९ मध्ये ते दिल्लीची नोकरी सोडून मुंबईला आले. तेव्हापासून शेवटपर्यंत मुंबई हेच त्यांचे गाव झाले. मुंबईत चित्रपटांचे मोठे काम होते आणि पैसेही चांगले मिळत. 'मधुमती', 'मुगल-ए-आझम', 'गंगा जमुना', 'काश्मीर की कली' अशा अनेक चित्रपटांच्या संगीतात त्यांची सारंगी आहे. संगीतकार ओ. पी. नय्यर यांना तर त्यांची सारंगी फार आवडे. हे काम पोट भरण्याचे होते, पण ते त्यांनी मन लावून केले. म्हणूनच ती गाणी आज सत्तर वर्षांनंतरही तुमच्या आजी-आजोबांच्या रेडिओवर ताजी वाटतात.

१९५० मध्ये त्यांच्या एकट्याच्या सारंगीच्या तीन तबकड्या निघाल्या. या जुन्या तबकड्या मिनिटाला ७८ वेळा फिरत आणि एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपे. जो राग एरवी तासभर वाजवायचा, तो तीन मिनिटांत बसवायचा म्हणजे पाच पानांचे पत्र पोस्टकार्डावर लिहिण्यासारखे होते. त्यानंतर एक मोठी तबकडीही निघाली. पण तिला फारशी मागणी आली नाही. नुसती सारंगी विकत घेऊन ऐकावी, असे अजून लोकांच्या मनात आले नव्हते.

मग १९५४ साल आले. मुंबईच्या कावसजी जहांगीर हॉलमध्ये संगीत महोत्सव होता. (हा हॉल अजून आहे, पण आता तेथे चित्रांचे राष्ट्रीय संग्रहालय आहे.) महोत्सवात रामनारायण यांना एकट्याने सारंगी वाजवण्याची संधी मिळाली. एवढ्या मोठ्या सभेत सारंगीने एकटीने बसण्याचा त्यांचा हा पहिलाच प्रसंग होता. गायक नाही, नर्तकी नाही. मध्ये सारंगी आणि साथीला तबला.

श्रोते आले होते ते नावाजलेल्या कलावंतांना ऐकायला. सारंगी संपून ते कलावंत कधी येतात, याचीच त्यांना घाई झाली होती. त्यांचा धीर सुटला आणि रामनारायण यांना आपले वादन अर्ध्यावर आवरून उठावे लागले.

ते वाईट वाजवत होते म्हणून उठावे लागले असते, तर गोष्ट वेगळी होती. त्यांना कोणी नीट ऐकलेच नव्हते. सहाव्या वर्षापासून ज्या वाद्यासाठी बोटे सोलून घेतली, शाळा सोडली, नोकरी सोडली, त्या वाद्याला भर सभेत नको म्हणण्यात आले. रामनारायण इतके खचले की सारंगी सोडून द्यावी आणि गायक व्हावे, असा विचार ते करू लागले. गळा तयार होताच. गायक झाले असते तर कोणी त्यांना उठवले नसते.

पण त्यांनी सारंगी सोडली नाही. त्यांनी वेगळी वाट धरली. मोठ्या सभांच्या मागे न लागता ते लहान लहान बैठकींत एकट्याने वाजवू लागले. लहान बैठकीत श्रोता वादकाच्या जवळ बसलेला असतो. त्याला बोटांची हालचाल दिसते आणि तरफेच्या तारांचा गुंजारव ऐकू येतो. ज्यांना वाटत होते की सारंगी म्हणजे रडके वाद्य, त्यांनाही तिचे दुसरे रंग दिसू लागले. सारंगीला रडके म्हणण्याचे एक कारण सांगतो. भारतात एखादा मोठा नेता वारला, की रेडिओवरचे नेहमीचे कार्यक्रम बंद होत आणि सारंगी वाजू लागे. सकाळी रेडिओ लावला आणि सारंगी ऐकू आली, की लोक घाबरून एकमेकांना विचारत, 'कोण गेले?' बिचाऱ्या सारंगीचा यात काय दोष? काही जण तर म्हणतात, तिच्यात शंभर रंग आहेत म्हणून ती 'सौरंगी', आणि त्यावरून सारंगी. हे नाव खरोखर असेच पडले की नाही, यावर जाणकारांचे एकमत नाही, पण रंगांचे म्हणणे खोटे नाही.

दोन वर्षांनी, १९५६ मध्ये, मुंबईतल्याच दुसऱ्या एका महोत्सवात रामनारायण पुन्हा एकटे बसले. या वेळी श्रोते उठले नाहीत. त्यांनी सारंगी ऐकली आणि मनापासून दाद दिली. यानंतर भारतातल्या सर्व मोठ्या संगीत महोत्सवांची दारे त्यांना उघडली. पुढे त्यांनी गायकांना साथ करणे थांबवले.

रामनारायण यांचे थोरले भाऊ चतुरलाल हे नामांकित तबलावादक होते. पंडित रविशंकर यांच्याबरोबर त्यांनी परदेशात तबला वाजवला होता. १९६४ मध्ये दोघे भाऊ मिळून अमेरिका आणि युरोपच्या दौऱ्यावर गेले. तेथले लोक व्हायोलिन आणि चेलो ऐकत वाढलेले. गजाने वाजणारे हे भारतीय वाद्य त्यांना नवे असूनही ओळखीचे वाटले. सारंगी पूर्वी कोठे बसत असे, तिला कोण नावे ठेवत असे, याची त्यांना माहिती नव्हती. त्यांनी फक्त स्वर ऐकले. जगप्रसिद्ध व्हायोलिनवादक येहुदी मेनुहिन यांनीही रामनारायण यांच्या सारंगीची फार स्तुती केली.

पण हे सुख फार दिवस टिकले नाही. ऑक्टोबर १९६५ मध्ये चतुरलाल वारले. ते अवघे चाळीस वर्षांचे होते. एका गावातून निघालेले, एका मंचावर बसलेले दोघे भाऊ, त्यांतला एक उरला. रामनारायण यांना हा धक्का फार लागला. त्यातून सावरून ते पुन्हा वाजवू लागले. पुढच्या काळात त्यांच्या अनेक ध्वनिमुद्रिकांत तबल्याची साथ सुरेश तळवलकर यांची आहे. तळवलकर हे महाराष्ट्रातले मोठे तबलावादक.

रामनारायण यांना अनेक सन्मान मिळाले. भारत सरकारने १९७६ मध्ये त्यांना पद्मश्री, १९९१ मध्ये पद्मभूषण आणि २००५ मध्ये पद्मविभूषण दिले.

सन्मानापेक्षा त्यांना दुसरी चिंता अधिक होती. सारंगी पुढे वाजवणार कोण? हे वाद्य शिकायला वर्षे लागतात आणि पूर्वीच्या बदनामीमुळे पुष्कळ सारंगीवादकांनी आपल्या मुलांना ते शिकवलेच नव्हते. रामनारायण यांनी मुंबईच्या एनसीपीए या मोठ्या कलासंस्थेत सारंगी शिकवली. परदेशांतून आलेल्या विद्यार्थ्यांनाही शिकवले. सारंगीचे विद्यार्थी थोडे, म्हणून सरोद, व्हायोलिन वाजवणारे आणि गाणारेही त्यांच्याकडे शिकत. त्यांचा मुलगा ब्रिजनारायण सरोदवादक झाला. मुलगी अरुणा मात्र सारंगीच शिकली. पूर्वी सारंगी वाजवणारे बहुतेक सारे पुरुषच असत. मैफलीत एकटीने सारंगी वाजवणाऱ्या पहिल्या स्त्रियांमध्ये अरुणा नारायण यांचे नाव घेतात. त्या पुढे कॅनडात राहायला गेल्या. ब्रिजनारायण यांचा मुलगा हर्ष यानेही आजोबांकडून सारंगी घेतली.

पंडित रामनारायण नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबईत, आपल्या राहत्या घरी वारले. तेव्हा ते ९६ वर्षांचे होते.

त्यांच्या पुष्कळ ध्वनिमुद्रिका उपलब्ध आहेत. तुमच्या शिक्षकांना वर्गात एखादी लावायला सांगा. ललत रागाची मिळाली तर उत्तम. ललत हा पहाटेचा राग आहे. आरंभी तबला नसेल. नुसते आलाप असतील, संथ आणि लांब. 'हे सुरू कधी होणार?' असे तुम्हांला वाटेल, पण ते सुरू झालेले असते. गज एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकतो तोवर एकच स्वर चालू राहतो, त्याकडे लक्ष द्या. मग स्वरांना हळूहळू ठेका येऊ लागेल, त्याला जोड म्हणतात. त्यानंतर तबला येईल आणि गती वाढेल. शेवटी सारंगी थांबेल तेव्हा लगेच बोलू नका. गज उचलल्यावरही क्षणभर एक बारीक गुंजन ऐकू येते. त्या तरफेच्या तारा असतात.